पेंटॅकल्सचा राजा म्हणजे नवरा नव्हे: टॅरोमधले पैशाचे पत्ते सगळ्यांसाठी कसे वाचायचे

"किंग ऑफ पेंटॅकल्स आलाय, म्हणजे पैसेवाला नवरा मिळणार." टॅरोच्या, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याच्या, रील्स बघणाऱ्यांच्या कानावरून हे वाक्य कधी ना कधी गेलेलं असतंच. समोर मुलगा बसला असेल, तर तोच पत्ता त्याला सांगतो, "तुम्ही मोठे उद्योजक होणार." पत्ता तोच, फक्त समोरचं माणूस बदललं आणि भाकीत बदललं.

आता समोरची व्यक्ती स्वतःला पुरुष किंवा बाई यांपैकी कुठल्याच रकान्यात बसवत नसेल तर? किंवा दोन मुली एकत्र राहतात आणि फ्लॅटचं कर्ज कसं फेडायचं हे विचारायला आल्या असतील तर? इथे पत्ते वाचणाऱ्याची गाडी अडते. "इन्क्लुझिव्ह टॅरो", "जेंडर-फ्लुइड रीडिंग" असे शब्द हल्ली नाशिकमध्येही ऐकू येतात, त्यामागे ही अडचण आहे. ऐकणारे मात्र दोन्हीकडून गोंधळतात, कारण अनेकांना ना टॅरो नीट माहीत असतो, ना जेंडर-फ्लुइड म्हणजे काय ते. म्हणून पायापासून सुरुवात करू.

आधी पत्त्यांची ओळख

टॅरोच्या संचात 78 पत्ते असतात. त्यातले 22 मोठे, म्हणजे सूर्य, चंद्र, मृत्यू वगैरे. उरलेले 56 आपल्या नेहमीच्या कॅटचे चुलत भाऊ. त्यांचे चार गट: काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी. नाण्यांच्या गटाला इंग्रजी टॅरोत पेंटॅकल्स म्हणतात. आपल्या कॅटमध्ये त्याची जोडी चौकटशी लावतात. प्रत्येक गटात एक्क्यापासून दहापर्यंतचे पत्ते आणि वर चार दरबारी पत्ते: पेज (पोरसवदा सेवक), नाईट (घोडेस्वार), राणी आणि राजा. म्हणजे आपल्या गुलाम-राणी-राजात एका घोडेस्वाराची भर.

पेंटॅकल्स म्हणजे पैसा, पण नुसती रोकड नव्हे. जमीन, घर, हातातलं कसब, नोकरी, तब्येत, पोटापाण्याचं सगळं या गटात येतं.

टॅरो जन्माला आला तो इटलीत, पंधराव्या शतकात, आणि तोही खेळायचे पत्ते म्हणून. त्यावरून भविष्य सांगण्याचा प्रघात अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजला. आज रील्सवर दिसणारी चित्रं बहुतेक वेळा 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या संचातली किंवा त्याच्यावरून काढलेली असतात. कल्पना आर्थर वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. जगभर खपलेल्या या पत्त्यांसाठी पामेलाबाईंना किरकोळ रक्कम मिळाली. काम प्रचंड आणि पैसे अगदीच थोडे, असं त्यांनी त्याच वर्षी एका पत्रात लिहून ठेवलंय. 1951 साली त्या वारल्या तेव्हा मागे कर्ज होतं. पैशाचे पत्ते काढणाऱ्या बाईची ही कथा. एकही टॅरो रीडर ती ग्राहकाला सांगत नाही.

जेंडर-फ्लुइड म्हणजे काय, थोडक्यात

जन्माच्या दाखल्यावर जे लिंग लिहिलं जातं ते शरीर पाहून. आपण आतून स्वतःला कोण समजतो, तो लिंगभाव. बहुतेकांचं हे दोन्ही जुळतं, म्हणून त्यांना वेगळं काही जाणवतच नाही. काहींचं जुळत नाही. आणि काहींचा लिंगभाव एका जागी थांबत नाही. कधी पुरुषपणाकडे, कधी बाईपणाकडे, कधी दोन्हींच्या पलीकडे. ते जेंडर-फ्लुइड. प्रेम कुणावर बसतं हा प्रश्न वेगळा, त्याची इथे सरमिसळ नको. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये नालसा खटल्यात तृतीयपंथीयांना मान्यता देताना सांगितलं की आपला लिंगभाव ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला. इथून पुढे लेखासाठी एवढं पुरे.

"राणी म्हणजे राणीच ना, त्यात फिरवायचं काय?"

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो, आणि रास्त आहे. चित्रात झगा घातलेली बाई दिसते, मग ती बाई नाही असं कसं म्हणायचं?

पण दरबारी पत्त्यांचा इतिहास पाहिला की हे प्रकरण वाटतं तितकं पक्कं नाही. युरोपात पत्ते आले ते इजिप्तच्या ममलुक राजवटीतून. त्या पत्त्यांतही चार गट होते आणि त्यात नाण्यांचा गट होताच. दरबारी पत्ते तीन: राजा, त्याचा नायब आणि दुय्यम नायब. राणी नाही. त्याहून गंमत म्हणजे त्यांच्यावर माणसाचं चित्रच नाही. सुरेख अक्षरात नुसता हुद्दा लिहिलेला. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात तो संच आजही आहे. आपल्याकडे सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान, राणीला तिथेही जागा नाही.

मग इटलीत आल्यावर काय झालं? मिलानच्या व्हिस्कोंती घराण्यासाठी पंधराव्या शतकात रंगवलेला एक संच अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनिकी ग्रंथालयात आहे. त्यात एकेका गटाला सहा दरबारी पत्ते दिसतात: राजा आणि राणी, घोडेस्वार पुरुष आणि घोडेस्वार बाई, सेवक आणि सेविका. प्रत्येक पदाला जोडी. पुढे चारच रूढ झाले आणि बाईच्या वाट्याला एकच पद आलं. आज आपण ज्याला परंपरा म्हणतो ती अशी काटछाट होऊन आलेली आहे.

आणि खुद्द वेट? त्याच्या मार्गदर्शक पुस्तकात प्रश्न विचारणाऱ्यासाठी पत्ता निवडायचा नियम आहे. चाळिशीपुढच्या पुरुषाला नाईट, त्याहून लहान पुरुषाला राजा, चाळिशीपुढच्या बाईला राणी आणि त्याहून लहान कुठल्याही बाईला पेज. पेज म्हणजे चित्रातला तो पोरगेला मुलगा! म्हणजे पंचविशीच्या मुलीसाठी मुलाचं चित्र काढून ठेवायला 1910 च्या सुमारालाही कुणाची हरकत नव्हती. त्याच नियमात पुढे केसांचा आणि डोळ्यांचा रंगही आहे: काळे केस, काळे डोळे, सावळा वर्ण असेल तर पेंटॅकल्स. या हिशेबाने रविवार कारंजापासून सातपूरपर्यंत जवळपास अख्खं नाशिक पेंटॅकल्समध्ये जमा. हा नियम हल्ली कुणी लावत नाही, हसून सोडून देतात. मग राजा म्हणजे पुरुष हाच नियम तेवढा दगडावरची रेघ कसा?

नावं बदलायचे प्रयत्नही जुने आहेत. 1981 साली अमेरिकेत दोन बायकांनी काढलेल्या मदरपीस संचात पत्ते गोल आहेत आणि दरबारात मुलगी, मुलगा, पुजारीण आणि शामन (अंगात येणारा वैदू-मांत्रिक) आहेत. हल्लीचे काही संच राजा-राणी काढूनच टाकतात. माझ्या मते त्याची गरज नाही. जुना संच हातात ठेवूनही वाचन बदलता येतं.

पद वाचा, देह नको

पद वेगळं आणि माणूस वेगळं, हे आपल्याला ग्रामपंचायतीने कधीच शिकवलंय. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये 2011 पासून बायकांना निम्म्या जागा राखीव आहेत. दारावरच्या पाटीवर सरपंच एवढंच असतं. खुर्चीत बाई असू शकते, पुरुष असू शकतो, आणि काही गावांत खुर्ची बाईची आणि सह्यांचे निर्णय नवऱ्याचे असंही असतं. सरपंचाचं काम काय, हे मात्र खुर्चीतल्या माणसाच्या लिंगावर ठरत नाही. दरबारी पत्ते तसेच वाचायचे.

पेज दोन्ही हातांनी नाणं उंच धरून त्याच्याकडे टक लावून बघतो. नवा धंदा, नवं कसब, पहिला पगार: पैशाशी पहिली ओळख. नाईटचा काळा घोडा जागचा हलत नाही, मागे नांगरलेलं रान. हा हप्ते वेळेवर भरणारा आणि घाई न करणारा स्वभाव. राणी नाणं मांडीवर घेऊन त्याच्याकडे खाली बघते, पायाशी ससा, भोवती फुलंफळं. आहे ते जपणं, वाढवणं, त्यातून माणसं पोसणं. राजाच्या अंगरख्यावर द्राक्षांचे घड आहेत, सिंहासनावर बैलांची डोकी, पाठीमागे वाडा. जमवलेल्यावर हुकमत आणि त्याची जबाबदारी.

आता सांगा, यातलं कोणतं काम एकाच लिंगाचं आहे? भिशी चालवणारी बाई महिन्याच्या दहा तारखेला राजाचं काम करत असते. आईच्या औषधाचा खर्च कागदावर उतरवून भाजीचा हिशेब बसवणारा मुलगा राणीचं. एकच माणूस सकाळी राजा आणि रात्री राणी असू शकतो, आणि ज्यांचा लिंगभाव प्रवाही आहे त्यांना तर हे वेगळं समजावून सांगावंही लागत नाही.

शिवाय पत्त्यांच्या गूढ परंपरेचं आतलं गणितही गमतीचं आहे. तिथे पेंटॅकल्स म्हणजे पृथ्वीतत्त्व, आणि पृथ्वी व पाणी स्त्रीप्रधान मानलेले. म्हणजे अख्खा पैशाचा गट बाईपणाचा आणि त्याचा राजा तेवढा कमावता नवरा! परंपरेलाच हे कधी नीट जुळवता आलेलं नाही.

मराठीत वाचताना एक जास्तीची अडचण असते: "तू जपतोस" की "तू जपतेस"? यावर सोपी वाट म्हणजे "तुम्ही जपता". किंवा सरळ विचारावं, तुमच्याशी कसं बोलू? बहुतेकांना त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

नऊचा पत्ता, आणि मामीचा सातबारा

या गटातला नाशिककराला सगळ्यात जवळचा पत्ता म्हणजे नाईन ऑफ पेंटॅकल्स. द्राक्षबागेत एक बाई उभी आहे. अंगात फुलांचा पायघोळ झगा, डाव्या हातात कातडी मोजा, त्यावर शिकारी पक्षी. पक्ष्याच्या डोळ्यांवर टोपी. उजवा हात नाण्यावर. पायाशी एक गोगलगाय, जी पाहिली नाही तर दिसतही नाही. दूरवर घर.

माझी मामी पिंपळगाव बसवंतची, बागायतदार घरातली. तिला हा पत्ता दाखवला. चष्मा वर करून तिने नीट पाहिला.

"हिच्या बागेत विरळणी झालेली दिसत नाही. घड बघ कसे गच्च. मणी फुगायचे कसे?"

"मामी, विरळणीचं जाऊ दे. बाई कशी वाटते सांग."

"बाई झकास आहे. पण बाग हिचीच आहे का? सातबाऱ्यावर नाव हिचं आहे?"

रूढ वाचन या पत्त्याला म्हणतं: स्वावलंबी, सुखवस्तू, एकटी स्त्री. पुरुषाला आला तर काही जण सांगतात, आयुष्यात श्रीमंत बाई येणार. मामीचा प्रश्न या दोन्हींपेक्षा पुढचा आहे. बागेत उभं राहणं आणि बाग नावावर असणं यांत फरक आहे, आणि नाशिक जिल्ह्याला तो ठाऊक आहे. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन नोव्हेंबर 1986 मध्ये इथल्याच चांदवडला झालं, आणि पुढे शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून द्यावी असा आग्रह धरला गेला. 1994 साली राज्याने आणि 2005 साली केंद्राने कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. हक्कसोड पत्रावर सह्या अजूनही बहिणीच करतात, ते वेगळं.

सर्वांना धरून केलेलं वाचन या पत्त्यातून बाई काढून टाकत नाही. ते समोर बसलेल्या कुणालाही मामीचा प्रश्न विचारतं: तुमच्या घामाचं काय काय तुमच्या नावावर आहे? मग नजर पक्ष्याकडे न्यायची. टोपी घातलेला पक्षी शांत बसतो, कारण त्याला दिसत नाही. ऑफिसात एक नाव, घरी दुसरं, पगार चालू राहावा म्हणून कपाटातले काही कपडे कपाटातच: जेंडर-फ्लुइड माणसाला ही टोपी लगेच ओळखू येते. आपल्या बागेत निवांत उभं राहण्यासाठी काय झाकून ठेवावं लागतंय, हा प्रश्न पैशाचाच आहे. नोकरी गेली तर काय, हा हिशेब करूनच माणसं गप्प बसतात. (आणि मुलाखतीला टाय लावून जाणाऱ्या कुठल्याही माणसाला थोड्या प्रमाणात तो समजेल.)

थंडीत बाहेर कोण आहे

पाचच्या पत्त्यात बर्फ पडतोय. कुबड्या घेतलेला एक माणूस आणि अनवाणी बाई उजेडाने भरलेल्या चर्चच्या खिडकीखालून चालले आहेत. दार चित्रात नाहीच. रूढ अर्थ: आर्थिक तंगी. पण ज्याला घरातून काढलंय किंवा ज्याला भाड्याने खोली मिळत नाही, त्याला "खर्च आटोक्यात ठेवा" हा सल्ला देणं म्हणजे थट्टा आहे. तिथे बोलायचं दाराबद्दल. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यात मुलाला केवळ तृतीयपंथी असल्यामुळे न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईवडिलांपासून तोडता येणार नाही, असं कलम आहे. हे माहीत असलेला रीडर पत्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सहाच्या पत्त्यात एक सावकार एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने गुडघे टेकलेल्यांना नाणी देतोय. याला सहसा दानधर्म म्हणतात. मी मात्र विचारते, तराजू कुणाच्या हातात आहे, आणि या चित्रात तुम्ही स्वतःला उभं बघता की गुडघ्यावर? बाकी दोन, तीन, सात, आठ हे पत्ते कष्टाचे आणि कसबाचे. त्यांत लिंगाचा अडथळा फारसा येतच नाही, त्यामुळे तिथे थांबायचं कारण नाही.

"हे अंधश्रद्धेला नवे कपडे घालणं नाही का?"

नाशिकमध्ये हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. सरळ उत्तर: पत्त्यांना भविष्य कळतं याला शास्त्रीय आधार नाही. कुठला शेअर घ्यावा, कर्ज काढावं की नाही, हे पेंटॅकल्सवरून ठरवणारा माणूस स्वतःचं नुकसान करून घेईल, वाचन कितीही सर्वसमावेशक असो.

मग "अगदी बरोबर सांगितलं हो" असं लोकांना का वाटतं? 1948 साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एकेक स्वभाववर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी 4.26 आली. वर्णन सगळ्यांना एकच होतं. याला पुढे बार्नम परिणाम म्हणू लागले.

पैसेवाला नवरा आणि घर सांभाळणारी बायको ही वाक्यं याच जातीची आहेत. मंगळसूत्र दिसलं की एक वाक्य, मनगटावर महाग घड्याळ दिसलं की दुसरं. लिंगावरून मारलेला अंदाज बहुतेकांना लागू पडतो आणि विद्या खरी वाटते. ही काठी काढून घेतली की रीडरला अंदाज मारता येत नाही, विचारावं लागतं: घरात पैशाचे निर्णय कोण घेतं? तुमचं स्वतःचं खातं आहे का? म्हणून मला वाटतं की अशा वाचनाचा फायदा केवळ जेंडर-फ्लुइड लोकांना नाही. चित्र समोर ठेवून पैशाबद्दल मोकळेपणी बोलणं, एवढाच टॅरोचा प्रामाणिक उपयोग आहे, आणि तो त्यातून साधतो. त्यासाठी हजारो रुपये मागणारा कुणी भेटला तर उठून यावं.

"मग पुरुषांनी राजा वाचायचाच नाही का?"

वाचावा की. कुणाचा काही काढून घेतलेला नाही. उलट घर चालत नाही म्हणून झोप उडालेल्या पुरुषाला "तुम्ही राजा आहात" हे ऐकून ओझंच वाढतं. त्याला राणीचं काम करायची परवानगी मिळाली तर बिघडत काहीच नाही.

दहाचा पत्ता आणि कागद

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात. त्या नोटेवर वचन असतं ते धारकाला. धारक बाई की बुवा, हे नोट विचारत नाही. विचारतात ते बाकीचे कागद.

टेन ऑफ पेंटॅकल्समध्ये भरलं घर आहे: म्हातारा, दोन कुत्री, जोडपं, लहान मूल. अर्थ वडिलोपार्जित संपत्ती. ज्यांच्या घराने त्यांना आपलं म्हटलं नाही, त्यांनी आपली माणसं स्वतः जमवलेली असतात. तृतीयपंथी समाजात गुरू-चेला नात्यातून वारसा चालत आलाय. या पत्त्यावर खरा प्रश्न म्हणजे तुमच्या चित्रात कोण कोण आहे आणि त्यांची नावं कुठे लिहिली आहेत.

इथे पत्ते बाजूला ठेवून फाईल उघडावी. रिझर्व्ह बँकेने 2015 साली बँकांना अर्जांत तृतीयलिंगी रकाना ठेवायला सांगितलं. पॅनच्या अर्जात तो 2018 पासून आहे. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की क्वीअर (लिंगभाव किंवा प्रेम रूढ चौकटीत न बसणाऱ्या) व्यक्तींना जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. शाखेत कुणी नाही म्हणालं, तर हे सांगता येतं.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते, ते कायदेशीर वारसांसाठी सांभाळायला. आणि हिंदू वारसा कायद्याची यादी मुलगा, मुलगी, विधवा, आई अशा नात्यांचीच आहे. समलिंगी लग्नाला ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली नाही, त्यामुळे असा जोडीदार त्या यादीत येत नाही. म्हणून दहाचा पत्ता आला आणि चित्रातलं माणूस कायद्याच्या यादीत नसेल, तर सल्ला एकच: मृत्युपत्र करा. ते साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तुमच्या सहीखेरीज दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याच्या नावे काही ठेवताय त्याला साक्षीदार करू नका.